रायझन ५ ५६००एक्स ओव्हरक्लॉक करणं आणि मे महिन्यातही स्थिर ठेवणं

डिसेंबरातली रात्र होती. प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचा, म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानावर) त्याच्या सहाही कोअरना, म्हणजे स्वतंत्र गणित करणाऱ्या भागांना, उणे ३० दिलं होतं, म्हणजे त्यांचं व्होल्टेज कमी केलं होतं. वेग मोजणारं सिनेबेंच आर२३ तीनदा चालवलं, आकडा ११,००० च्या आसपास होता तो ११,८०० च्या पुढे गेला. ताण देऊन तपासणारं प्राइम९५ अर्धा तास चालवलं, काही झालं नाही. जमलं, असं म्हणून झोपलो. तिसऱ्या दिवशी एक पीडीएफ वाचत बसलो होतो. एकच फाइल उघडी, पंखासुद्धा जेमतेम फिरत होता, आणि अचानक स्क्रीन काळी. निळा पडदा नाही, कसला संदेश नाही, सरळ रिस्टार्ट.

त्या एका रिस्टार्टने मला जे शिकवलं त्यावरच हा लेख उभा आहे. प्रोसेसरला जोर लावल्यावर तो टिकतो की नाही, हे पाहणं सोपं असतं. तो निवांत असताना टिकतो का, आणि डिसेंबरात लावलेली सेटिंग मे महिन्यात टिकते का, हे पाहायला वेळ लागतो. ओव्हरक्लॉकिंगमधला नव्वद टक्के वेळ तिथेच जातो आणि जायलाच हवा. अस्थिर मशीन नुसतं बंद पडत नाही. ते चुकीची बेरीज करतं आणि गप्प राहतं. रेंडर केलेल्या व्हिडिओत मध्येच एक हिरवी फ्रेम येते, झिप फाइल उघडत नाही, आणि हे कळेपर्यंत मूळ फाइल डिलीट झालेली असते.

उदाहरणासाठी मी माझाच प्रोसेसर घेतो. रायझन ५ ५६००एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये आला. ६ कोअर, १२ थ्रेड, बेस क्लॉक म्हणजे मूळ वेग ३.७ आणि बूस्ट म्हणजे स्वतःहून गाठायचा वेग ४.६ गिगाहर्ट्झ, टीडीपी (कंपनीने कूलरसाठी दिलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॉट, तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश. आजही तो घराघरांत आहे आणि सेकंडहँड बाजारात सहज मिळतो. ५६००, ५७००एक्स, ५८००एक्स यांनाही हीच पद्धत लागू पडते, आकडे तेवढे बदलतात. मदरबोर्ड बी४५०, एक्स४७०, बी५५० किंवा एक्स५७० चिपसेटचा हवा. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, त्यामुळे तो असेल तर खालचं रॅमचं प्रकरण तेवढं वाचा.

व्होल्टेज वाढवून नव्हे, कमी करून

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला तेव्हा लोक बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ करायचे आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, तोही फुकटात. ते दिवस गेले, कारण आता कंपन्या चिपमधला बहुतेक जोर कारखान्यातच काढून घेतात. आजचा प्रोसेसर तापमान, वीज आणि करंट बघून दर क्षणाला स्वतःचा वेग ठरवतो. आपल्या हाती उरतात पाच ते आठ टक्के, आणि तेही जुन्या पद्धतीने व्होल्टेज चढवून मिळवायला गेलात तर महागात पडतात.

का, ते एका गणितातून दिसतं. प्रोसेसरला लागणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा सगळे कोअर ४.४ वरून ४.६ गिगाहर्ट्झवर न्यायला व्होल्टेज १.२० वरून १.३० करावं लागलं. वेग वाढला साडेचार टक्के आणि उष्णता वाढली जवळपास २३ टक्के. ज्या घरात उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर असते, तिथे हा सौदा परवडत नाही.

म्हणून उलट दिशेने जायचं. प्रत्येक चिपमध्ये कोणत्या क्लॉकला किती व्होल्टेज द्यायचं याचा एक आलेख भरलेला असतो. लाखो चिपांपैकी कमजोर चिपही चालावी म्हणून त्यात मोकळीक ठेवलेली असते. कर्व्ह ऑप्टिमायझर ही बायोसमधली सेटिंग त्या आलेखालाच खाली सरकवते. एका आकड्यामागे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात आणि जास्तीत जास्त उणे ३० पर्यंत जाता येतं. वीज वाचली, उष्णता वाचली की प्रोसेसर त्या जागेत स्वतःहून वर चढतो. वेग वाढतो आणि तापमान तेवढंच राहतं, कधी कधी उतरतंसुद्धा.

सुरुवातीची तयारी

आधी बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. त्यात चालढकल नको.

मग एक वही घ्या. साधी वही, कारण मशीन बंद पडलं की त्यातली एक्सेल शीटही बंद पडते. पहिल्या पानावर मूळ अवस्था लिहा: खोलीचं तापमान, सिनेबेंच आर२३ चा मल्टी आणि सिंगल कोअरचा आकडा, त्या वेळचं प्रोसेसरचं तापमान, आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसणारी वीज. माझ्या पानावर २४ अंश, १०,९५० आणि ६३ अंश असं लिहिलेलं आहे. खोलीचं तापमान न लिहिता प्रोसेसरचं तापमान लिहिण्यात अर्थ नाही.

५६००एक्ससोबत जो छोटा कूलर येतो तो मूळ सेटिंगसाठी पुरतो, यासाठी नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या. आता कूलर काढताना घ्यायची काळजी. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात आणि सॉकेटची पकड फार घट्ट नसते. जुनी थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी चिकटलेली असेल आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढलात, तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो, सॉकेटचा लिव्हर लावलेला असतानाही. पिना वाकतात. म्हणून आधी सिनेबेंच दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, लगेच स्क्रू सोडवा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत राहा. पेस्ट सुटते तेव्हा हाताला एक मऊ सरक जाणवते. ती जाणवल्याशिवाय वर उचलू नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याच्या कापडाने पुसा. नवी पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी पुरते.

बायोसचं नवं व्हर्जन बोर्डाच्या अधिकृत पानावरूनच घ्या. अपडेट चालू असताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस लावा किंवा वीज जाण्याची वेळ टाळा. आणि क्लिअर सीमॉसची जागा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसणाऱ्या बोर्डावरच्या दोन पिना, आत्ताच शोधून ठेवा. सेटिंग चुकली आणि स्क्रीनच आली नाही, तर प्लग काढायचा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवायचा. पिना सापडल्या नाहीत तर सीआर२०३२ ची नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवायची. मशीन मूळ सेटिंगवर परत येतं.

वॉरंटीचंही माहीत असू द्या. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि पीबीओ (प्रोसेसरला जास्त वीज घेऊ देणारी, पुढे येणारी सेटिंग) सुरू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरलं जातं. बायोस तशी सूचना दाखवतो, ती वाचूनच पुढे जा.

रॅम आधी उरकून घ्या

रॅम आणि प्रोसेसर एकाच वेळी ताणले की कोण चुकतंय ते कळत नाही. म्हणून रॅमचं आधी पूर्ण करायचं. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, लावा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ३६०० ची रॅम म्हणजे प्रत्यक्षात १८०० मेगाहर्ट्झ, म्हणून एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८०० ठेवायचा. ३२०० ची असेल तर १६००. दोन्ही आकडे जुळलेले असले की विलंब कमी राहतो. १९०० च्या पुढे बहुतेक चिप जात नाहीत आणि तिथे ओढाताण करण्यासारखं काही मिळतही नाही.

पेन ड्राइव्हवर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ टाका आणि रात्रभर चारही फेऱ्या होऊ द्या. एकही चूक चालणार नाही. हजारात एक चूक म्हणजे किरकोळ, असं रॅममध्ये नसतं. चूक दिसली तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा आणि पुन्हा रात्रभर चालवा. हे स्वच्छ झाल्यावर ही सेटिंग बायोसच्या पहिल्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करा. पुढे काहीही बिघडलं तरी परत यायची जागा हीच.

वॉटची मर्यादा मे महिन्यावरून ठरवा

आता पीबीओ. बायोसमध्ये अॅडव्हान्स्डखाली एएमडी ओव्हरक्लॉकिंग असा भाग असतो, त्यात प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह आहे. अनेक बोर्डांवर हाच पर्याय आणखी एका पानावर पुन्हा दिलेला असतो. दोन्हीकडे बदल करू नका, एक जागा धरा आणि दुसरी ऑटोवर सोडा. पीबीओ अॅडव्हान्स्ड करा आणि लिमिट्स मॅन्युअल.

तीन आकडे विचारले जातात. पीपीटी म्हणजे सॉकेटमधून जाणारी एकूण वीज. टीडीसी म्हणजे सलग चालणारा करंट आणि ईडीसी म्हणजे क्षणभराच्या झटक्याचा करंट. ५६००एक्सचे मूळ आकडे ७६ वॉट, ६० अँपिअर आणि ९० अँपिअर. काही बोर्ड वॉटऐवजी मिलिवॉटमध्ये मागतात, तिथे ९५ ऐवजी ९५००० लिहायचं असतं. शेजारचं एकक वाचून मगच टाका.

किती वाढवायचं याचं उत्तर तुमच्या खोलीत आहे. एकच कूलर आणि ठरलेली वीज असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षा किती गरम राहील, हा फरक बाराही महिने जवळपास सारखाच राहतो. माझ्या वहीत ७६ वॉटला ३९ अंशांचा फरक आहे, म्हणजे वॉटमागे साधारण अर्धा अंश. आता हिशोब करा. ९५ वॉटला फरक होतो ४७-४८, १२० वॉटला ६०. डिसेंबरात खोली २२ अंश असताना १२० वॉटला प्रोसेसर ८२ वर बसतो आणि सगळं छान वाटतं. जळगाव, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात बाहेर ४४-४५ आणि दुपारी खोलीत ४० असतं. ४० अधिक ६० म्हणजे १००. मर्यादा आहे ९५. म्हणजे प्रोसेसर स्वतःला आवरणार, वेग पाडणार, आणि तुम्ही दिलेले जादा वॉट फक्त खोली तापवणार. मी ९५ वॉट, ७० अँपिअर, १०५ अँपिअर ठेवले. कॉम्प्युटर एसीच्या खोलीत किंवा कोकणाच्या किनाऱ्यावर असेल तर तुमचं गणित वेगळं येईल, पण ते गणित तुमच्या खोलीच्या सर्वांत तापलेल्या दुपारचंच असू द्या.

पीबीओ स्केलर ऑटोवरच ठेवा. जास्त व्होल्टेज जास्त वेळ द्यायची परवानगी असा त्याचा अर्थ आहे, आणि आपण नेमकं उलट करतोय. तापमानाची मर्यादा ८५ लिहा.

कर्व्ह ऑप्टिमायझर, एकेका कोअरचा

त्याच पानावर कर्व्ह ऑप्टिमायझर आहे. ऑल कोअर नव्हे, पर कोअर निवडा. सहाही कोअर एकाच चिपवर असले तरी सारखे नसतात. एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रत्येक कोअरसमोर त्याचा क्रमांक दिलेला असतो, कोण पहिला, कोण दुसरा. हलकी, एकट्या कोअरची कामं विंडोज या पहिल्या दोघांनाच देतं. मनाला वाटतं की सर्वांत चांगला कोअर सर्वांत जास्त कपात सोसेल. तसं होत नाही. त्याला सर्वांत वर पळायचं असतं आणि कारखान्याने त्याची मोकळीक आधीच कमी केलेली असते. म्हणून उत्तम कोअरला कपात कमी, साध्या कोअरला जास्त.

सगळ्यांना उणे १० देऊन सुरुवात करा. तपासणीत पास झाले की उणे १५, मग २०. जो कोअर नापास होईल त्याला पाचने मागे आणा आणि तिथेच थांबवा, बाकीचे पुढे जाऊ द्या. माझा शेवटचा हिशोब असा: कोअर ० ला उणे २२, १ ला उणे ८, २ ला उणे २५, ३ ला उणे १२, ४ ला उणे २८, ५ ला उणे २६. एक आणि तीन हे माझ्या चिपचे पहिले दोन कोअर आहेत. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना ३० दिलं होतं, म्हणजे कोअर १ वर मी बावीस आकड्यांचा अन्याय केला होता. हे आकडे उचलून तुमच्या बायोसमध्ये टाकू नका. दोन ५६००एक्स कधीच सारखे नसतात.

तपासणी: खरं काम

सगळे कोअर एकदम कामाला लागतात तेव्हा वीज वाटली जाते आणि क्लॉक ४.४-४.५ च्या आसपास राहतो. त्या क्लॉकला व्होल्टेजची मोकळीक भरपूर असते. पण तुम्ही पीडीएफचं पान उलटता तेव्हा एकच कोअर झोपेतून उठतो, क्षणात ४.६ च्या वर उडी घेतो आणि परत झोपतो. आलेखाचं ते सर्वांत वरचं टोक आहे आणि कपात तिथेच टोचते. शिवाय प्रत्येक उडीबरोबर व्होल्टेज क्षणभर खाली झुकतं. शेजारच्या मळ्यातली मोटर सुरू झाली की घरातला दिवा कसा क्षणभर मंदावतो, तसंच. त्या झुकलेल्या क्षणी व्होल्टेज पुरलं नाही की कोअर चुकतो. म्हणूनच सिनेबेंच आणि सगळ्या कोअरवरचं प्राइम९५ हा दोष पकडू शकत नाहीत. माझा रिस्टार्ट पीडीएफ वाचतानाच का झाला, त्याचं उत्तर हे.

यासाठी कोअरसायकलर नावाची मोफत स्क्रिप्ट आहे. ती प्राइम९५ एका वेळी एकाच कोअरवर चालवते आणि ठरावीक वेळाने पुढच्या कोअरवर जाते. तिच्या कॉन्फिग फाइलमध्ये मोड एसएसई ठेवा, एव्हीएक्स२ नको. दोन्ही प्रोसेसरच्या गणिती सूचनांचे संच आहेत. एसएसईमध्ये उष्णता कमी होते, त्यामुळे कोअर सर्वांत उंच क्लॉकवर चढतो, आणि आपल्याला तेच टोक तपासायचं आहे.

प्राइम९५ कशावरून चूक ओळखतं, हे कळलं की त्याच्यावर विश्वास बसतो. ते मर्सेन प्रकारच्या अवाढव्य मूळ संख्या शोधणाऱ्या प्रकल्पाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात गुणाकार दशांश अपूर्णांकांतून फिरवून केला जातो, पण शेवटी उत्तर पूर्णांकच यायला हवं. प्रत्येक उत्तर जवळच्या पूर्णांकापासून किती लांब पडलं हे ते मोजत राहतं. चूक झाली की ओळ येते: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४. अर्धा म्हणजे दोन पूर्णांकांच्या बरोबर मधोमध, कुठल्याच बाजूला नाही. कुठे तरी एक बिट पलटलं. मशीन चालू आहे, माउस हलतोय, गाणं वाजतंय, आणि तरी एक आकडा खोटा निघाला. ही ओळ मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा गेल्या तीन दिवसांत सेव्ह केलेल्या सगळ्या फाइली पुन्हा उघडून बघितल्या.

पहिल्या फेऱ्या कोअरमागे दहा मिनिटांच्या करा, म्हणजे एका तासात सगळे कोअर होतात. ढोबळ आकडे सापडले की कोअरमागे एक तास. सहा कोअर, सहा तास, एक रात्र. अशा तीन रात्री द्या. दोन रात्री स्वच्छ जाऊन तिसऱ्या रात्री पहाटे चारला कोअर ३ पडलेला मी पाहिला आहे. सगळं पास झाल्यावर प्रत्येक कोअरला दोन-तीन आकड्यांची सवलत परत द्या. सिनेबेंचमध्ये फरक दिसणारही नाही, आणि ती सवलत पुढच्या दोन वर्षांच्या झिजेला उपयोगी पडते.

यानंतर जड भार. प्राइम९५ ची स्मॉल एफएफटी ही तापवणारी तपासणी सगळ्या कोअरवर तासभर चालवा, नंतर वाय-क्रंचर हा ताण देणारा दुसरा प्रोग्रॅम. इथे मुख्यतः तापमान बघायचं. भार सतत वरखाली करणारी तपासणी ओसीसीटी या प्रोग्रॅममध्ये आहे, तीही तासभर द्या.

मग कुठलंही सॉफ्टवेअर न लावता मशीन रात्रभर नुसतं चालू ठेवा. स्लीपमध्ये घाला, उठवा, असं दहा वेळा करा. सकाळी थंड असताना सुरू करा. थंड प्रोसेसर जास्त उंच बूस्ट घेतो, त्यामुळे हिवाळ्यातली सकाळ हीसुद्धा एक परीक्षाच असते. यात पैसे लागत नाहीत, फक्त धीर लागतो, आणि बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

एक गोष्ट शेवटी नक्की पाहा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये क्लॉकच्या दोन ओळी असतात, एक नुसता क्लॉक आणि एक इफेक्टिव्ह क्लॉक. व्होल्टेज फार कमी पडलं तर चिप बंद पडण्याऐवजी आपले ठोके लांबवते. मग वर ४.६ दिसतं, पण प्रत्यक्ष काम ४.४ एवढंच होत असतं. पूर्ण भाराखाली या दोन ओळींत मोठी तफावत असेल, किंवा सिनेबेंचचा आकडा कपात वाढवूनही उतरत असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा खाली गेला आहात.

रिस्टार्ट झालाच तर

घाईने बायोसमध्ये जाऊ नका. आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. रिस्टार्टच्या वेळेची लाल नोंद शोधा. व्हीआ-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग), इव्हेंट १८, कॅश हायरार्की एरर असं दिसलं तर कोअरची कपात जास्त झाली. त्याच नोंदीत प्रोसेसर एपीआयसी आयडी, म्हणजे चुकलेल्या थ्रेडचा क्रमांक, असतो. एका कोअरचे दोन थ्रेड असल्यामुळे त्या आकड्याचं निम्मं म्हणजे बहुधा कोअरचा क्रमांक. आठ असेल तर कोअर ४. काही चिपांत मधले आकडे गाळलेले असतात, म्हणून कोअरसायकलर त्या एकाच कोअरवर चालवून खात्री करा आणि त्यालाच मागे आणा. सगळ्यांना शिक्षा नको.

इव्हेंट १९ च्या पिवळ्या सूचना सारख्या येत असतील तर संशय एफसीएलकेवर घ्या, एक पायरी खाली आणा. निळ्या पडद्यावर मेमरी मॅनेजमेंट असेल तर पुन्हा मेमटेस्ट८६.

आणि फक्त कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१ असेल, सोबत व्हीआची नोंदच नसेल, तर वीजपुरवठा तपासा. वीज गेली-आली तरी हीच नोंद पडते. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताना सपाट पायऱ्यांची लहर देतात आणि चांगल्यातला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) ती स्वीकारत नाही, मशीन बंद पडतं. माझ्या ओळखीतल्या एकाने आठवडाभर कर्व्ह कमी-कमी करत शून्यावर आणला, आणि दोष निघाला भिंतीतल्या सैल सॉकेटचा.

आणखी वेग, आणि इतर मार्ग

हे सगळं स्थिर झाल्यावर मॅक्स बूस्ट ओव्हरराइड, म्हणजे बूस्टची कमाल मर्यादा वर नेणारी सेटिंग, हात घालण्यासारखा आहे. तो २०० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. ५०-५० च्या पायऱ्या घ्या, पण प्रत्येक पायरीनंतर कोअरसायकलर पुन्हा पहिल्यापासून, कारण आलेखाचं टोकच तुम्ही वर नेलेलं असतं. उत्तम कोअरची कपात जवळजवळ नक्कीच कमी करावी लागेल. मी १०० वर थांबलो.

सगळे कोअर एका ठरावीक क्लॉकवर बांधून ठेवायची जुनी पद्धत अजून चालते. दिवसभर रेंडरिंगच करणाऱ्या मशीनला ती ठीक आहे, पण घरच्या मशीनचा एकट्या कोअरचा बूस्ट त्यात जातो. मला ती आज पटत नाही.

इंटेलवाल्यांसाठी थोडक्यात: नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड चिपसेट लागतो. १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर ओव्हरक्लॉकिंगच्या आधी बायोस अपडेट करा. या चिपांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन त्या कायमच्या कमजोर होत होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) त्यासाठीच दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही.

एप्रिल उजाडला की

गरम सिलिकॉनला तोच क्लॉक सांभाळायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, एक तपासणी पुन्हा करायची: तासभर स्मॉल एफएफटी आणि एक फेरी कोअरसायकलर. त्याआधी कॅबिनेट उघडून कूलरच्या पात्यांतली धूळ ब्लोअरने काढा, पंखा बोटाने धरून ठेवा म्हणजे तो उलटा गरगरणार नाही. विदर्भ-खानदेशात खोलीत पाण्याचा कूलर असतो. त्याच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नका. झोताबरोबर येणारे बारीक थेंब खाऱ्या पाण्याचे असतात, ते वाळून हीटसिंकवर पांढरा थर बसतो, त्यात धूळ कालवली जाते आणि ती ब्लोअरने निघत नाही, ब्रशने खरवडावी लागते. कॅबिनेट झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

दुपारच्या तपासणीत कोअर पडला तर त्याला तीन-चार आकडे परत द्या. तापमान ८५ ला टेकून क्लॉक पडत असेल तर पीपीटी दहाने कमी करा. माझ्या बायोसमध्ये दोन प्रोफाइल आहेत, उन्हाळा ८५ वॉटचा आणि बाकीचे महिने ९५ वॉटचा. मे महिन्यात सिनेबेंच ११,५०० च्या आसपास येतं, तरीही मूळ आकड्याच्या वरच.

बायोस अपडेट केलं की हे सेव्ह केलेले प्रोफाइल बहुतेक बोर्डांवर पुसले जातात. म्हणून सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा, आणि सहा कोअरचे सहा आकडे, तीन मर्यादा, एफसीएलके आणि तारीख एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या साइड पॅनेलला आतून चिकटवा. पंख्यापासून लांब, चारही कडांना टेप लावून.